मामाच्या दुकानातल्या जुन्या डेस्कटॉपवर अँड्रॉइड बसवताना

मामाने झेरॉक्सचं दुकान बंद केलं आणि तिथला संगणक आमच्या हॉलच्या कोपऱ्यात येऊन बसला. तिसऱ्या पिढीचा कोअर आय-३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क, १९ इंची मॉनिटर. त्यावर विंडोज १० होतं आणि त्याला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे तोही रस्ता बंद. भंगारवाल्याने जी रक्कम सांगितली ती ऐकून मामाच म्हणाला, "राहू दे, तूच काहीतरी कर त्याचं."

त्याच सुमारास आजीची तक्रार चालू होती, की फोनवर कीर्तन ऐकू येतं पण दिसत काही नाही. आजीला फोन उत्तम येतो. विंडोज मी दोनदा शिकवून पाहिलं आणि दोन्ही वेळा गाडी "तो बाण कुठे गेला?" इथेच अडली. मग विचार केला, तिला नवीन काही शिकवण्यापेक्षा तिला येतं तेच मोठ्या पडद्यावर आणावं. हा लेख त्या दोन रविवारांचा आहे.

आधीच एक सांगून टाकतो. तुम्हाला जुन्या संगणकावर टाइप करायचं असेल, एक्सेलसारखी पानं उघडायची असतील, दिवसभर ब्राउझर वापरायचा असेल, तर अँड्रॉइडच्या नादी लागू नका. लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाका, सुखी व्हाल. अँड्रॉइड बसवायचं ते वापरणाऱ्या माणसाला फोनच येतो म्हणून, किंवा हवं ते फक्त अ‍ॅपमध्येच मिळतं म्हणून.

फोनवरचं अँड्रॉइड इथे का चालत नाही

बरेच जण फोन कंपनीची रॉम, म्हणजे फोनमधल्या अँड्रॉइडची फाइल, उतरवतात आणि ती पेनड्राइव्हवर टाकून वाट बघत बसतात. फोनचा प्रोसेसर एआरएम जातीचा असतो, आपल्या डेस्कटॉपचा एक्स८६ जातीचा. दोघांची भाषा वेगळी. शिवाय फोनची रॉम त्या एका मॉडेलचा पडदा, कॅमेरा, मोडेम गृहीत धरून बांधलेली असते. डेस्कटॉपला लागतं ते एक्स८६ साठी नव्याने बांधलेलं अँड्रॉइड, आणि त्यात लिनक्सचे नेहमीचे ड्रायव्हर.

हे काम २००९ पासून अँड्रॉइड-एक्स८६ नावाच्या मुक्त प्रकल्पाने केलं. त्यांची ९.०-आर२ ही आवृत्ती मार्च २०२० मध्ये आली. तिच्यात अँड्रॉइड ९ आणि लिनक्सचा ४.१९ कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आहे. प्रकल्प आता थंडावला आहे, पण त्याच पायावर ब्लिस ओएस उभं आहे आणि त्यात अँड्रॉइड ११ च्या पुढच्या आवृत्त्याही मिळतात. प्राइम ओएस हे भारतातलं. गेम खेळणाऱ्यांना कीबोर्डची बटणं पडद्यावरच्या जागांना जोडून देणं ही त्याची खासियत. जुने व्हिडिओ पाहून रीमिक्स ओएस किंवा फीनिक्स ओएस शोधत बसू नका. रीमिक्सवाल्यांनी तर २०१७ मध्येच ते सोडून दिलं.

कोणतं घ्यायचं? रॅम ८ जीबी आणि एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) असेल तर ब्लिस ओएस, दुसरा विचार नको. आमच्या यंत्रावर मी आधी तेच लावून पाहिलं. चाललं, पण प्रत्येक अ‍ॅप उघडताना आजीचा एक अभंग म्हणून व्हायचा. म्हणून ९.०-आर२ घेतलं. त्याची किंमतही मोजावी लागते: अँड्रॉइड ९ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबून काही वर्षं झाली आणि क्रोमनेही २०२५ मध्ये त्यासाठी नव्या आवृत्त्या देणं बंद केलं. या यंत्रावर घरातल्या कोणाचंही मुख्य गूगल खातं घालायचं नाही हे मी तेव्हाच ठरवलं. आजीसाठी वेगळं खातं उघडलं, त्यात ना फोटो ना पैसे. पुढच्या पायऱ्या ९.०-आर२ च्या आहेत. ब्लिसचा इन्स्टॉलर त्याच घराण्यातला असल्यामुळे तिथेही वाट फार वेगळी नाही.

काय चालणार नाही, ते घरच्यांना आधीच सांगा

यूपीआय चालणार नाही. त्याला सिममधून एसएमएस जावा लागतो आणि इथे सिमच नाही. बँकांची अ‍ॅपही बहुतेक उघडताक्षणीच बंद होतात, कारण गूगलकडे प्रमाणित नसलेल्या यंत्रावर ती चालू नयेत अशीच बांधलेली असतात. आणि चालली असती तरी अँड्रॉइड ९ वर ती चालवू नयेत. सशुल्क चित्रपटांची अ‍ॅप चालली तरी चित्र बऱ्याचदा साध्या दर्जाचंच येतं, कारण उंची दर्जासाठी लागणारं कुलूप यंत्राच्या चिपमध्ये असावं लागतं. जीपीएस नाही, कंपास नाही, पडद्याला बोट लावून उपयोग नाही. हे आधी सांगितलं नाही तर बसवून झाल्यावर भाचा येऊन विचारतो, "यात जीपे का नाही?"

तयारी

खरं काम इथेच आहे. डिस्कला हात लावण्याआधी अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्या.

सगळ्यात आधी जुन्या डिस्कवरचं हवं ते सगळं बाहेर काढा. मामाच्या संगणकात वीस वर्षांच्या लग्नपत्रिकांच्या फायली निघाल्या. कोणाला लागणार नाहीत असं वाटलं, तरी बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवल्या.

मग विंडोज चालू असतानाच दोन गोष्टी पाहून कागदावर लिहा. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, चौकटीत एमएसइन्फो३२ लिहा आणि एंटर मारा. उघडलेल्या यादीत 'सिस्टिम टाइप' समोर एक्स६४ असेल तर ६४ बिटची फाइल घ्यायची. 'बायोस मोड' समोर यूईएफआय (सुरू होण्याची नवी पद्धत) आहे की लेगसी (जुनी), तेही टिपून ठेवा, कारण पुढे पार्टिशन करताना, म्हणजे डिस्कचे भाग पाडताना, सगळं त्यावर ठरतं. प्रोसेसर फार जुना, कोअर टू ड्युओच्या काळातला असेल, तर ६४ बिटचं अँड्रॉइड अडू शकतं, कारण त्याला एसएसई ४.२ नावाची सोय लागते. अशा यंत्राला ३२ बिटची फाइल घेऊन पाहा.

आयएसओ फाइल (बसवायची सगळी सिस्टिम एकाच फाइलीत) प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या, कुठल्या तरी व्हिडिओखालच्या दुव्यावरून नको. ९.० ची ६४ बिटची फाइल १ जीबीच्या आतबाहेर असते. सोबत तिथे आकडे-अक्षरांची एक लांबलचक ओळ दिलेली असते, ती उतरवलेल्या फाइलशी जुळते का ते बघा. रूफस या छोट्या प्रोग्रॅममध्ये फाइल निवडली, की 'सिलेक्ट' बटणाशेजारच्या बरोबरच्या खुणेवर क्लिक करून ही ओळ काढता येते. मी पहिल्या वेळी हे टाळलं. फाइल अर्धवट उतरली होती, आणि दोन तास मी बिचाऱ्या पेनड्राइव्हला शिव्या देत होतो.

८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, पण त्यावरचं सगळं पुसलं जाणार हे लक्षात ठेवा. रूफसमध्ये वर पेनड्राइव्ह निवडा, खाली आयएसओ फाइल निवडा. पार्टिशन स्कीममध्ये यूईएफआय यंत्राला जीपीटी, लेगसीला एमबीआर. 'स्टार्ट' दाबल्यावर कोणत्या पद्धतीने लिहू असा प्रश्न आला तर आधी आयएसओ पद्धत घ्या. त्याने यंत्र सुरू झालं नाही, तर पेनड्राइव्ह पुन्हा डीडी पद्धतीने लिहा.

आता बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या सेटिंग्ज. संगणक चालू होताना एफ२, डिलीट किंवा एफ१० यांपैकी एक बटण लागतं, ते कंपनीगणिक बदलतं. आत जाऊन सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारा पहारा) बंद करा. विंडोजही ठेवायचं असेल तर त्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं कुलूप, चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवल्याशिवाय बायोसला हात लावू नका. तसंच विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं आणि त्याची डिस्क दुसऱ्या सिस्टिमसाठी अडकलेली राहते.

बसवण्याआधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहा

पेनड्राइव्ह लावून संगणक चालू करा आणि बूट मेनूचं बटण दाबा. बहुतेक ठिकाणी ते एफ१२, एफ११, एफ९ किंवा एस्केप असतं. यादीत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसला, तर तुमच्या कागदावर यूईएफआय लिहिलेलं असल्यास नावाआधी यूईएफआय असलेला घ्या.

अँड्रॉइड-एक्स८६ चा मेनू येतो. त्यातला 'लाइव्ह सीडी' हा पर्याय डिस्कला स्पर्शही न करता अँड्रॉइड चालवून दाखवतो. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावतात, मग अँड्रॉइडचं नाव बराच वेळ लुकलुकतं. पहिल्यांदा दोन-चार मिनिटं लागली तरी घाबरू नका.

नाव लुकलुकण्याऐवजी पडदा काळाच राहिला, तर दहातल्या आठ वेळा दोष ग्राफिक्सचा असतो. संगणक पुन्हा चालू करून मेनूतला 'व्हेसा मोड' घ्या. त्याने चित्र आलं तर निदान झालं. पण व्हेसा हे कुबड्या घेऊन चालणं आहे, व्हिडिओ अडखळतो. दुसरा उपाय असा: मेनूत हव्या त्या ओळीवर उभे राहून ई दाबा, लेगसी यंत्रावर टॅब दाबावं लागतं. कर्नलच्या लांब ओळीच्या शेवटी एक जागा सोडून 'नो', 'मोड' आणि 'सेट' हे तीन इंग्रजी शब्द जोडून, लहान अक्षरांत लिहा. मग एफ१०, किंवा टॅबने आला असाल तर एंटर. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर त्रासाची तयारी ठेवा, कारण इथे कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर नसतो, फक्त नूवो हा मुक्त ड्रायव्हर असतो. मदरबोर्डवरच इंटेलचं ग्राफिक्स असेल तर कार्ड सरळ काढून ठेवा. मामाने कधीतरी हौसेने बसवलेलं कार्ड मी काढलं आणि पुढचं सगळं सुरळीत झालं.

पडदा उजळला की घाईने बसवायला जाऊ नका. आवाज येतो का बघा. मॉनिटर एचडीएमआयने जोडला असेल तर आवाज कधी कधी मॉनिटरकडे जातो, मागच्या हिरव्या भोकातून काहीच येत नाही. वायफाय दिसतं का, व्हिडिओ सलग चालतो का, माऊस-कीबोर्ड नीट आहेत का, हे पाहा. वायफायचा छोटा यूएसबी डोंगल असेल तर तो चालेलच असं नाही. नेटची वायर मात्र सहसा चालते. ९.० मध्ये गंमत अशी, की वायरने नेट लावलं तरी यादीत 'व्हर्टवायफाय' नावाचं वायफाय दिसतं. पुष्कळ अ‍ॅप वायफाय नसेल तर नेटच नाही असं समजतात, त्यांना गप्प करायला केलेली ही युक्ती. तेच निवडा.

इथे जे चालत नाही ते बसवल्यावरही चालणार नाही. आवाज नसेल तर तीनशे-चारशेचं यूएसबी साउंड कार्ड लावून पाहा, नाहीतर इथूनच मागे फिरा. अजून काहीच बिघडलेलं नाही.

प्रत्यक्ष बसवणं

पुन्हा पेनड्राइव्हवरून सुरू करून 'इन्स्टॉलेशन' निवडा. निळ्या-करड्या चौकटींचा जुन्या काळचा इन्स्टॉलर येतो. इथे माऊस चालत नाही, बाणांची बटणं, टॅब आणि एंटर एवढ्यावरच काम.

पहिली चौकट पार्टिशनची यादी दाखवते. एसडीए म्हणजे सहसा आतली डिस्क आणि एसडीबी पेनड्राइव्ह, पण 'सहसा' वर विसंबू नका; समोर कंपनीचं नाव येतं ते वाचा. एनव्हीएमई एसएसडी असेल तर नाव एनव्हीएमईनेच सुरू होतं.

पूर्ण डिस्क अँड्रॉइडलाच द्यायची असेल तर सगळ्यात सोपा रस्ता पेनड्राइव्हच्या सुरुवातीच्या मेनूतल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधलं 'ऑटो इन्स्टॉलेशन'. डिस्क दाखवायची, हो म्हणायचं, बाकी ते बघतं. मात्र ते डिस्क पूर्ण पुसतं, म्हणून दुसऱ्या डिस्कची केबल काढून ठेवणं शहाणपणाचं.

हाताने करायचं असेल तर 'क्रिएट/मॉडिफाय पार्टिशन्स' घ्या. जीपीटी वापरू का असं विचारतं: यूईएफआयला हो, लेगसीला नाही. हो म्हटल्यावर सीजीडिस्क उघडतं. जुनी पार्टिशनं 'डिलीट' ने काढा. मोकळ्या जागेवर 'न्यू', सुरुवातीच्या सेक्टरला नुसतं एंटर, आकार ५१२एम, प्रकार ईएफ००. हे बूटचं पार्टिशन. उरलेल्या जागेवर पुन्हा 'न्यू', सगळ्याला एंटर, प्रकार ८३००. मग 'राइट', आणि खात्री विचारल्यावर इंग्रजीत पूर्ण 'येस' लिहायचं. नुसतं वाय चालत नाही. शेवटी 'क्विट'. लेगसी यंत्रावर सीएफडिस्क उघडतं. तिथे एकच प्रायमरी पार्टिशन करा, त्याला 'बूटेबल' ची खूण करा आणि 'राइट'.

यादीत परत आल्यावर मोठं पार्टिशन निवडा. फाइल सिस्टिम ईएक्सटी४ घ्या. एनटीएफएस किंवा फॅट३२ घेतलं तर अ‍ॅप आणि माहिती साठवायला ठरावीक आकाराची एक फाइल बनते आणि ती भरली की 'जागा नाही' चं रडगाणं सुरू होतं. ईएक्सटी४ वर पूर्ण पार्टिशन तुमचं.

नंतर ग्रब (संगणक चालू होताना सिस्टिम सुरू करून देणारा मेनू) बसवू का, यूईएफआयचं ग्रब२ बसवू का: हो. सिस्टिमची फाइल लिहिता येण्याजोगी ठेवू का: मी हो म्हणतो. जागा थोडी जास्त जाते, पण नंतर काही बदलायचं झालं तर हात बांधलेले नसतात. टक्केवारी पुढे सरकते, जुन्या डिस्कवर पाच-दहा मिनिटं लागतात. 'रीबूट' निवडा आणि त्याच क्षणी पेनड्राइव्ह काढा.

*विंडोजही ठेवायचं असेल तर*

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून 'श्रिंक व्हॉल्यूम' करून ३२ जीबी मोकळी करा. तिथेच त्यावर एनटीएफएस पार्टिशन बनवून त्याला 'अँड्रॉइड' असं इंग्रजीत नाव द्या, म्हणजे इन्स्टॉलरच्या यादीत ते ओळखू येतं. इन्स्टॉलरमध्ये नवीन पार्टिशन करायला जाऊ नका, हेच निवडून ईएक्सटी४ करा. बूटचं पार्टिशन फॉरमॅट करू का असं विचारलं तर ठाम नाही, कारण विंडोज त्याच्याच जिवावर सुरू होतं. आणि विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ साडेपाच तास सरकलेलं दिसलं तर बॅटरी बदलू नका. अँड्रॉइड मदरबोर्डच्या घड्याळाला ग्रीनिचची वेळ समजतं, विंडोज भारतातली.

पहिली सुरुवात आणि नंतरची डागडुजी

स्वागताच्या पडद्यानंतर वायफायच्या पायरीवर 'स्किप' करा. इथे नेट दिलं की काही यंत्रांवर 'अपडेट तपासत आहे' वर गाडी कायमची थांबते. खातं नंतर सेटिंग्जमधून घालता येतं. मग घराच्या पडद्यासाठी विचारतं: क्विकस्टेप की टास्कबार. टास्कबार विंडोजसारखा खाली पट्टी देतो, विंडोजची सवय असलेल्याला बरा. आजीला अर्थातच क्विकस्टेप, फोनसारखं.

प्ले स्टोअरने यंत्र प्रमाणित नाही अशी कुरकुर केली, तर गूगलचं अप्रमाणित यंत्रांच्या नोंदणीचं पान आहे. यंत्राचा जीएसएफ क्रमांक (गूगलच्या सेवांनी यंत्राला दिलेली ओळख) तिथे नोंदवा आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.

एखादं अ‍ॅप उघडताच मिटत असेल तर ते बहुधा फक्त एआरएमसाठी बांधलेलं आहे. सेटिंग्जमधल्या अँड्रॉइड-एक्स८६ च्या पर्यायांत 'नेटिव्ह ब्रिज' चालू करा. इंटेलचा हूडिनी नावाचा दुभाषी एआरएमच्या सूचना एक्स८६ मध्ये सांगत बसतो. तो नेटवरून उतरतो आणि कधी कधी उतरतच नाही. ब्लिसच्या फायलींत असा दुभाषी आधीच घातलेला मिळतो, तिथे त्याचं पारडं जड.

अक्षरं मोठी हवीत तर सेटिंग्जमधल्या डिस्प्लेत 'फॉन्ट साइज' आणि 'डिस्प्ले साइज' दोन्ही वाढवा. आजीसाठी दोन्ही शेवटच्या टोकाला नेले. मराठी लिहायला जीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडा, आणि कीबोर्ड जोडलेला असताना पडद्यावरचा कीबोर्ड लपतो म्हणून 'फिजिकल कीबोर्ड' च्या पर्यायात 'शो व्हर्च्युअल कीबोर्ड' चालू ठेवा. माइक असेल तर बोलून शोधणं सगळ्यात सोपं. आजी आता व्हिडिओच्या अ‍ॅपशी बोलते आणि चुकीचं कीर्तन लागलं की त्याला रागावतेसुद्धा.

व्हॉट्सअ‍ॅप हवं असेल तर इथे नंबर नव्याने नोंदवू नका, फोनवरचं बंद होईल. सुरुवातीच्या पडद्यावरच्या तीन ठिपक्यांतून सोबतचं यंत्र म्हणून जोडायचा पर्याय घ्या आणि फोनने क्यूआर कोड टिपा.

काही संगणक झोपले की उठतच नाहीत, पंखा फिरतो पण पडदा काळा. आमचाही तसाच निघाला. डिस्प्लेमध्ये 'स्लीप' ची वेळ जास्तीत जास्त केली आणि नंतर डेव्हलपर ऑप्शन्समधलं 'स्टे अवेक' चालू केलं, तेव्हापासून त्रास नाही.

पुढच्या महिन्यात मी फिरती डिस्क काढून २४० जीबीची साधी एसएसडी लावली आणि सगळं पुन्हा बसवलं. या वेळी ऑटो इन्स्टॉलेशनने, चहा होईपर्यंत. रॅम तीच, प्रोसेसर तोच, पण अभंग म्हणायला आता वेळ मिळत नाही. खर्च करायचाच असेल तर पहिला इथे करा.

मॉनिटरच्या कडेला मी एक कागद चिकटवला आहे. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: एस्केप म्हणजे मागे. खिडकीचं चित्र असलेलं बटण म्हणजे घर. माऊसचं उजवं बटण म्हणजेही मागे, म्हणून चुकून दाबलं तर घाबरायचं नाही. चौथी ओळ आजीने स्वतः पेनाने घातली आहे: आवाज वर करायचा तर स्पीकरचं गोल बटण, संगणकात शोधत बसू नये.